दहापैकी तीन

आमच्या कचेरीत शाबासकी म्हणून कोरा कागद मिळतो.

पानभर नाही, चिठ्ठीएवढाच. त्याचं असं आहे: विधिमंडळात विधेयक आलं की त्यापायी राज्याच्या तिजोरीतून किती जाईल किंवा किती वाचेल, हे आम्ही सात जण लिहून देतो. त्याला खर्चटिपण म्हणतात. ते दोन्ही पक्षांच्या आमदारांना एकाच वेळी मिळतं आणि त्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं. टिपण बाहेर जाण्याआधी कचेरीतलाच दुसरा कुणीतरी ते वाचतो. आकडे तपासायला नव्हे, तर लिहिणारा कुठल्या बाजूचा आहे हे ओळखता येतं का, ते बघायला. ओळखता आलं तर तो चिठ्ठीवर लिहितो, 'डावी बाकं' किंवा 'उजवी बाकं', आणि टिपण लिहिणाऱ्याकडे परत येतं. ओळखता आलं नाही तर चिठ्ठी कोरी. या कोऱ्या चिठ्ठ्या लोक आपल्या टेबलामागच्या फळीवर टाचणीने लावून ठेवतात. ऑरिन टफ्टच्या फळीचं लाकूड गेल्या कित्येक वर्षांत कुणी पाहिलेलं नाही.

माझ्या फळीवर एकोणतीस चिठ्ठ्या होत्या. तिसावी ड्रॉवरमध्ये घडी घालून ठेवली होती, कारण ती कोरी नव्हती. तिच्यावर ऑरिनच्या पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: 'आई'.

ती चिठ्ठी होती आमदार रस्क यांच्या विधेयकाच्या टिपणावरची. पाच हजारांहून कमी वस्तीच्या गावांमधल्या पाळणाघरांना राज्य दर तान्ह्या मुलामागे महिन्याला तीनशे डॉलर देतं. चार तान्ह्यांमागे एक बाई ठेवावीच लागते, असा कायदा आहे, आणि तिचा पगार फीमधून निघत नाही, म्हणून हे पैसे. रस्क यांच्या विधेयकाने ते एक जुलैपासून बंद होणार होते.

माझी टिल्डा नऊ महिन्यांची आहे आणि जोलीनच्या पाळणाघरात असते. आमच्या गावात, धान्याच्या कोठारासमोर, जोलीनची तान्ह्यांची एकच खोली आहे. ती बंद झाली तर दुसरी खोली पंचेचाळीस मैलांवर. माझा नवरा लाइल पवनचक्क्यांवर दुरुस्तीला चढतो, महिन्यातले पंधरा दिवस घरी नसतो. म्हणजे खोली बंद तर माझी नोकरी बंद. हे सगळं मी टिपण हातात घेण्याआधीच आमच्या प्रमुख व्हर्ना ओबरमायर यांना सांगितलं होतं. म्हटलं, "दुसऱ्या कुणाला द्या हे. माझंच मूल त्यात आहे."

व्हर्नांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "सिग्ने, एवढंसं आपलं राज्य. रस्त्यांवर लिहायला मी गाडी नसलेला माणूस शोधू? लिही तू. चिठ्ठी आहे ना आपल्याकडे."

चिठ्ठी होती. चिठ्ठीने मला बरोब्बर पकडलं. मग मी टिपण पुन्हा लिहिलं, ते पुढे गेलं, आणि अधिवेशनाच्या धबडग्यात विसरूनही गेले. त्याच आठवड्यात टिल्डाला ताप भरला होता आणि माझ्याकडे आणखी सहा टिपणं होती.

मंगळवारी समितीपुढे सुनावणी झाली. मी नेहमीसारखी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून बसले होते. भिंतीला पाठ लावायची सवय मला टिल्डा झाल्यापासून लागली आहे. जोलीन पहिल्या रांगेत होती. पाळणाघर हाताखालच्या मावशीवर सोपवून, चांगला कोट घालून आली होती. तिला बोलायला दोन मिनिटं मिळाली, त्यातलं एक घसा साफ करण्यात गेलं. ती बसली आणि आमदार रस्क उठले. उंच, गोड बोलणारे, बोलताना खिशातली किल्ली वाजवणारे गृहस्थ.

"अध्यक्ष महाराज, या बाईंची कळकळ मला समजते. पण आपल्याच निःपक्ष कचेरीने काय लिहिलंय बघा. हे पैसे बंद झाल्यावर कामधंदा सोडून सरकारी मदतीवर किती घरं येतील? दहापैकी एक. बाकीची नऊ काढतील आपापला मार्ग. आपल्या आया काय कमी खमक्या होत्या?"

लोक हसले. मी मात्र हसणाऱ्यांची तोंडं बघत बसले.

मी एक लिहिला नव्हता. मी तीन लिहिला होता. अकरा वर्षांपूर्वी हा निधी वर्षभर बंद पडला होता, तेव्हा दहापैकी तीन घरं मदतीवर आली होती. समाजकल्याण खात्यातली बाई एकेक पेटी उघडून मला ते आकडे काढून देत होती. आमच्या कचेरीच्या आधीच्या दोन टिपणांतही तीनच धरले होते. दहापैकी एक घर आलं तर राज्याचे वर्षाला एकोणपन्नास लाख वाचतात. तीन आली तर फक्त तेवीस लाख. रस्क यांचं सगळं भाषण मधल्या सव्वीस लाखांवर उभं होतं.

बाहेर ओट्यापाशी जोलीनने मला गाठलं. हातमोजे घालता घालता म्हणाली, "तुमच्याच कचेरीतून आलंय ना ते?"

"मला त्याबद्दल बोलता येत नाही, जोलीन."

"हो ना. टिल्डाला रात्रीत किती शी झाली ते मात्र रोज सकाळी बोलता येतं." तिने मोज्याचा अंगठा ओढून सारखा केला. "माझ्या खोलीत चार बाळं आहेत, सिग्ने. त्या माणसाच्या हिशेबात त्यातलं अर्धं बाळसुद्धा बसत नाही."

टेबलाशी येऊन मी छापलेलं टिपण उघडलं. पान चार. 'दहापैकी एक.' खाली बारीक अक्षरात: 'शेजारच्या राज्यातील अनुभवावरून.' ड्रॉवरमधून माझ्याकडची पहिल्या प्रतीची नक्कल काढली. पान चार. 'दहापैकी तीन.' दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि वरून हात पालथा टाकला, जसं शाळेत उत्तर झाकतात. मग मान वर केली. माझ्यासमोर सहा माणसं आपापल्या टेबलांवर वाकून बसली होती. चार वर्षं मी त्यांच्याबरोबर हॉटडिश नावाचा बटाट्याचा भाजलेला पदार्थ वाटून खाल्ला होता, आणि त्या क्षणी सहाही पाठी मला अनोळखी वाटल्या.

हाताळणारे दोघेच. टिपण वाचणारा ऑरिन, आणि शेवटचा हात फिरवणाऱ्या व्हर्ना. संगणकावर पाहिलं तर ती फाइल शेवटची उघडली होती व्हर्नांनी, पण सगळ्याच फाइली शेवटी त्याच उघडतात. त्यावरून काय कळणार? ऑरिनचं तसं नव्हतं. ऑरिन आणि आमदार रस्क दर शनिवारी गोठलेल्या तळ्यावर, एकाच पत्र्याच्या खोपटात, बर्फाला भोक पाडून मासे धरायला बसतात. गावभर ठाऊक आहे ते. अकरा वर्षं.

ऑरिनने 'आई' लिहून मला टिपण पुन्हा लिहायला लावलं. मग मी लिहिलेल्या दुसऱ्या प्रतीत आकडा बदलला. आईवर कोण विश्वास ठेवणार होतं? मी ओरडले असते तर ती चिठ्ठी माझ्या तोंडावर फेकता आली असती. मांडणी इतकी चोख होती की मला त्याचं कौतुकच वाटलं.

एक उपाय होता. वाचून झालेली प्रत, तिच्यावरच्या खुणांसकट, आमच्याकडे दप्तरखान्यात ठेवतात. दुसऱ्या प्रतीचे कागदही तिथेच. दप्तरखाना म्हणजे बिनखिडकीची खोली, चारी भिंतींना खोकी, आणि आतून कडी लागते अशी कचेरीतली ती एकच खोली. म्हणून मी दूध काढायला तिथेच बसते. सकाळी नऊला आणि दुपारी दोनला, चाळीस वर्षांच्या अर्थसंकल्पांच्या मध्ये, यंत्राची घरघर ऐकत.

दोनला कडी लावली आणि आधी खुर्ची दिसली. माझी खुर्ची. मी ती दाराकडे तोंड करून ठेवते. ती भिंतीकडे वळली होती. खोलीत पुदिन्याच्या गोळीचा वास होता. कचेरीत पुदिन्याच्या गोळ्या एकच माणूस चघळतो. आणि मांडणीवर, जिथे यंदाच्या बालकल्याणाचं खोकं असायला हवं, तिथे धुळीत चौकोनी कोरी जागा होती.

त्या दिवशी दूध निम्मंच निघालं.

बुधवारी मी लिंबाच्या वड्या केल्या. खरं म्हणजे त्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी पाठवल्या होत्या. मी फक्त त्या ऑरिनच्या टेबलावर नेल्या. ऑरिन अठ्ठावन्नचे, ढेरपोटे, स्वेटरला कोपरावर चामड्याची ठिगळं. तुरुंगांचा खर्च त्यांच्याकडे असतो.

"आज माझ्यावर कृपा कशापायी?" वडी उचलत ते म्हणाले.

"सहज. शनिवारी मासे लागले का?"

"दोन. दोन्ही सोडून दिले. पोरंच होती ती." ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुला, पोरी, कुणी भेटायला आलं होतं का हल्ली? म्हणजे वरच्या मजल्यावरचं, आमदारांकडचं कुणी?"

मला किती माहीत आहे ते हा माणूस चाचपून बघत होता. म्हटलं, "मला कोण भेटायला येणार? मला भेटायला येतो तो फक्त टिल्डाचा डॉक्टर."

"नाही, उगीच विचारलं. तुला लेकरू आहे, घर लांब. अशा माणसाला गाठणं सोपं असतं." त्यांनी बोटांची साखर झटकली. "काही असलं तर मला सांगायचं. कळलं?"

"कळलं," मी म्हटलं. मला काहीच कळलं नव्हतं, पण त्यांच्या टेबलाखाली, पायांच्या मागे, पुठ्ठ्याच्या खोक्याचा कोपरा दिसला होता.

व्हर्नांकडे जावं का? दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेले. दोन्ही वेळा त्या फोनवर होत्या आणि दोन्ही वेळा मला बघून आवाज खाली आणला. त्या सगळ्यांनाच बघून आवाज खाली आणतात, हे मला आता आठवतं. तेव्हा नाही आठवलं. संध्याकाळी टिल्डाला आणायला गेले तर जोलीनने तिला दारातच माझ्या हातात दिलं. एरवी मी आत जाते, बूट काढते, आम्ही पाच मिनिटं बोलतो. पिशवीत रोजची चिठ्ठी होती: किती दूध प्यायली, किती झोपली. खाली काहीच नाही. एरवी खाली ती हसरं तोंड काढते.

मतदान गुरुवारी अकराला होतं.

गुरुवारी नऊला मी दप्तरखान्याची कडी लावली, आणि खोकं जागेवर होतं.

यंत्र लावलंच नाही. खोकं उतरवून जमिनीवर मांडी घातली आणि फाइल काढली. सगळ्यात वर दुसरी प्रत. पान चारवर 'तीन' खोडून 'एक' केलं होतं, निळ्या शाईने. शेजारी लिहिलं होतं: 'शेजारचे राज्य बघावे. तीन जास्त वाटतात.' खाली सही म्हणून एक अक्षर.

'सि.'

मी ते अक्षर बराच वेळ बघत राहिले. कुणी माझी नक्कल केली असेल का, हेही मनात आलं. लाज वाटते सांगायला, पण आलं. मग पानाच्या कोपऱ्यावर लक्ष गेलं. तिथे गुलाबी डाग होता. टिल्डाच्या तापाच्या औषधाचा. ते औषध चिकट असतं आणि काही केल्या जात नाही. दवाखान्याचं बाकडं आठवलं, छातीवर तापलेलं डोकं, गुडघ्यावर कागद. त्या बाकड्यावर बसून मी ती प्रत दुरुस्त केली होती. शब्द बदलले एवढंच मला आठवत होतं. आकडा मीच बदलला होता. तीन खरे वाटत होते, आणि खरे वाटत होते म्हणूनच मला त्यांची भीती वाटली होती. आईला तीनच खरे वाटणार. मग एक धरलेला बरा. एक धरला की कुणी बोट ठेवणार नाही. शेजारच्या राज्यात सगळी गावं मोठी, गल्लीगल्लीत पाळणाघर. तो आकडा आपल्याकडे लागू होत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या प्रतीखाली पहिली प्रत होती. ऑरिननी वाचलेली. चिठ्ठी मी रागाने उपटून ड्रॉवरमध्ये टाकली होती, पण टाचणीची दोन भोकं पानावर राहिली होती. ती आकड्यापाशी नव्हतीच. चार ओळी वर होती, आणि तिथल्या दोन शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. कायद्यात 'अठरा महिन्यांखालील मुले' असं आहे. मी लिहिलं होतं, 'इवलीशी बाळं'.

एवढंच. त्यांना खटकलं होतं ते एवढंच.

दारावर टकटक झाली. मी कडी काढली. ऑरिन दारातच थांबले, नजर छताकडे. या खोलीत मी कशासाठी बसते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"या. काही चालू नाहीये माझं."

त्यांनी खाली पाहिलं. उघडं खोकं, फाइल, मी. दार लोटून ते समोरच्या खोक्यावर बसले. खोकं थोडं दबलं.

"मंगळवारी सुनावणीला मी दारापाशी उभा होतो," ते म्हणाले. "एक ऐकला आणि म्हटलं, हे काय? मी वाचले तेव्हा तीन होते. दुसरी प्रत मी न वाचताच पुढे सरकवली होती. मला वाटलं रस्कच्या माणसांनी तुला गाठलं. खोकं नेऊन बघितलं तर तुझंच अक्षर. मग तर खात्रीच पटली."

"मला वाटलं तुम्ही बदललंत. शनिवारचे मासे."

ते इतके हसले की पुदिन्याची गोळी घशात अडकायची वेळ आली. "पोरी, अकरा वर्षांत त्याने मला एकदाही विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आम्ही बायकांबद्दल बोलतो. त्याची दुसरी आणि माझी पहिली." मग हसणं थांबलं. "कुणी गाठलं होतं का तुला?"

"नाही. मीच मला गाठलं."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "माझा पुतण्या आत आहे. आठ वर्षं झाली. मी तुरुंगांवर लिहितो. पहिल्या साली मी कैद्यांच्या जेवणाचा खर्च इतका कमी धरला होता, इतका कमी, की व्हर्नाने मला बोलावून विचारलं, यात कैदी जेवतात की नुसता वास घेतात?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "नऊ-वीस. अकराच्या आत फेरटिपण निघू शकतं. पण निघालं की ते विचारणार, का बदललं. आणि तुझं मूल कुठे असतं ते शोधायला त्यांना पाच मिनिटं पुरतील."

"न निघालं तर?"

"तर काही नाही. एक राहील. कुणाला कळणार नाही."

त्यांनी ते मला ढकलायला म्हटलं नव्हतं, थांबवायलाही नाही. ते खरोखर ऑरिनच होते, कुठल्याच बाजूला नसलेले. मी उठले. पायाला मुंग्या आल्या होत्या. फेरटिपण काढलं तर मी हे माझ्यासाठी करतेय असं सगळं सभागृह म्हणणार होतं, आणि नाही केलं तरी ते माझ्याच भीतीसाठी होणार होतं. दोन्हीकडे मीच उभी होते. मग आकडा तरी खरा असू दे.

व्हर्नांनी दोन्ही पानं पाहिली, सही पाहिली, गुलाबी डागावर बोट फिरवलं. रागावल्या नाहीत. त्यामुळे मला जास्तच धास्ती वाटली. फेरटिपणाचा कागद पुढे ओढून त्यांनी पेन उघडलं.

"इथे कारणाची एक ओळ असते. 'नवी माहिती मिळाली' असं लिहिलं की सहसा कुणी काही विचारत नाही."

"नवी माहिती मिळालेली नाही."

"मला माहीत आहे. काय लिहायचं ते तू सांग."

मी सांगितलं. त्यांनी लिहिलं: 'आधीच्या टिपणातील अंदाज लिहिणाऱ्याने आधाराशिवाय कमी धरला होता.' मग वाचून पाहिलं. "आधाराशिवाय. छत्तीस वर्षांत हा शब्द या ओळीत आला नव्हता." पेन बंद केलं. "यापुढे मुलांचे विषय तुझ्याकडे नाहीत. पूल आणि रस्ते घे. ही शिक्षा नाही."

"मग काय आहे?"

"पूल आणि रस्ते आहेत," व्हर्ना म्हणाल्या. "ऑरिनकडून वाचून घे. पळ."

ऑरिननी उभ्या उभ्या वाचलं. दोन पानं, चार मिनिटं. शेवटी चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातून एक काढून टिपणाला टाचली आणि माझ्या हातात दिली. कोरी होती. मी ती उलटून पाहिली. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिली. मागून ऑरिन म्हणाले, "लिंबाच्या रसाने नाही लिहिलेलं गं. जा आता."

पावणेअकराला टिपण प्रत्येक बाकावर पोचलं. मी वरच्या गॅलरीत, कोटाची सगळी बटणं लावून बसले, कारण सकाळचं दूध राहिलं होतं आणि सदरा पुढून ओला झाला होता. आमदार रस्क वाचत होते. किल्ली वाजायची थांबली.

"सभापती महोदया," ते उठले, "मंगळवारी एक. गुरुवारी तीन. मला एवढंच विचारायचंय, हे लिहितं कोण? लिहिणाऱ्याला स्वतःला मुलंबाळं आहेत का?"

सभागृहात कुजबुज झाली. दोघातिघांनी मान वर करून गॅलरीकडे पाहिलं. कदाचित घड्याळाकडे पाहिलं असेल, घड्याळ माझ्या डोक्यावरच आहे. सभापतींनी व्हर्नांना खालच्या मेजाशी बोलावलं.

"टिपण कचेरीने लिहिलंय," व्हर्ना म्हणाल्या.

"मी माणसाबद्दल विचारतोय, बाई."

"माणूस कचेरीचा आहे. मंगळवारीही कचेरीचाच होता, आमदारसाहेब. तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतंत."

त्यांचा आवाज तितकाच सपाट होता जितका बर्फ उपसण्याच्या यंत्रांच्या खर्चाबद्दल असतो. मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. रस्क खाली बसले. मग डाव्या बाकांवरून नव्हे, तर त्यांच्याच उजव्या बाकांवरून एक म्हातारे आमदार उठले आणि म्हणाले, सव्वीस लाखांचा फरक आहे, हे पुन्हा समितीकडे जाऊ द्या. मतं घेतली. दोन मतांच्या फरकाने विधेयक समितीकडे गेलं. परत येऊ शकतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारपर्यंत समितीने पुन्हा सुनावणी लावली तर येईल, नाही लावली तर या अधिवेशनापुरतं संपलं.

साडेपाचला मी जोलीनच्या दारात उभी राहिले. आत यायला सांगेपर्यंत बूट काढले नाहीत. ती टिल्डाला बर्फाच्या पोशाखात भरत होती. एक पाय जात नव्हता.

"परत गेलं म्हणे समितीकडे," माझ्याकडे न बघता ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"कुणीतरी आकडा बदलला म्हणे आज सकाळी."

"मला त्याबद्दल—"

"बोलता येत नाही. पाठ झालंय मला." तिने पाय आत घातला, चेन वर ओढली. "मी पुढच्या शुक्रवारपर्यंत कोणाला नोटीस देत नाहीये. मावशीलाही नाही. शुक्रवारनंतर बघू."

"तोपर्यंत मी आणत राहू ना हिला?"

"आणशील नाहीतर काय करशील? पाठीवर बांधून नेशील कचेरीत?" तिने टिल्डाला माझ्या हातात दिलं आणि तसंच धरून ठेवलं, क्षणभर, दोघींच्या मध्ये. "तुझ्या कोटाला काय झालंय गं? ओला आहे पुढून."

मी खाली पाहिलं. "आज वेळ नाही मिळाला."

जोलीन त्या डागाकडे बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडे. तिला काय कळलं, किती कळलं, मला सांगता येणार नाही, आणि विचारताही येणार नव्हतं. गाडीत टिल्डाला खुर्चीत बांधलं, पट्टा दोनदा ओढून पाहिला, आणि मग पिशवीतून रोजची चिठ्ठी काढली. दूध पंधरा औंस. झोप दोनदा. शी एकदा.

खाली हसरं तोंड नव्हतं. पण ते काढायच्या जागी, पेन टेकवून थांबल्यासारखा एक ठिपका होता. गाडीतला दिवा लावून मी तो बराच वेळ बघत होते.